अभक्त काळ कोणाचा? थायरॉइडच्या अल्पक्रियतेतील आहार, व्यायाम व थकवा

सुमारे चाळीस वर्षांच्या एक शिक्षिका आमच्या चिकित्सालयात येत असत. थायरॉइडच्या अल्पक्रियतेचे निदान होऊन चार वर्षे झाली होती. रोज सकाळी ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिनची गोळी चालू होती आणि टीएसएच २.८, म्हणजे उत्तम आटोक्यात होता. तक्रार होती ती थकव्याची आणि जळजळीची. जिभेवर साम लेप, पापण्यांच्या आतील बाजूस फिकटपणा, मलप्रवृत्ती विबंधयुक्त. आम्ही अम्लपित्तासाठी कामदुधा व पांडुतेसाठी पुनर्नवा मंडूर योजिले आणि दोन्ही सकाळी अनशापोटी घेण्यास सांगितले. बाईंनी सोयीसाठी तीनही औषधे एकाच वेळी, एकाच पेल्यातील पाण्याबरोबर घ्यावयास आरंभ केला.

दोन महिन्यांनी त्यांचा टीएसएच ११ वर गेला. त्यांच्या डॉक्टरांनी थायरॉक्सिन १०० केले. पुढील तपासणीतही टीएसएच चढाच राहिल्याने मात्रा १२५ झाली. इकडे पाच महिन्यांनी पांडुता उणावली म्हणून आम्ही आमची औषधे थांबविली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत बाई छातीत धडधड, हातांना कंप आणि रात्र रात्र जागरण घेऊन आल्या. टीएसएच ०.०८! रोग वाढला नव्हता आणि बराही झाला नव्हता. आमच्या औषधांनी पाच महिने अडवून धरलेली गोळी आता पूर्ण मात्रेत, किंबहुना वाढीव मात्रेत शोषली जाऊ लागली होती, इतकेच. त्या डॉक्टरांना आमची औषधे ठाऊक नव्हती. आम्ही मात्र त्यांची गोळी ठाऊक असूनही ती कधी घेता, हे विचारले नव्हते. दोष आमचा होता. हा लेख त्या चुकीतून निघालेला आहे.

हे प्रमाद एकट्या-दुकट्याचे नसावेत असे वाटण्यास कारण आहे. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतील प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यात थायरॉइडच्या अल्पक्रियतेचे प्रमाण सुमारे ११ टक्के आढळले. याचा अर्थ आपल्या बाह्यरुग्ण विभागात रोज येणाऱ्यांपैकी काहीजण सकाळी ती लहानशी गोळी घेऊनच घराबाहेर पडलेले असतात, आणि त्यातील कित्येक आपणहून ते सांगत नाहीत. "इतर काही औषध चालू आहे का?" या प्रश्नास "नाही" असे उत्तर येते, कारण वर्षानुवर्षांची थायरॉइडची गोळी रुग्णाच्या लेखी औषध उरलेलीच नसते, ती चहासारखी सवय होऊन बसते. यास्तव प्रश्न नाव घेऊनच विचारावा.

थायरॉक्सिन हे लहान आतड्यात शोषले जाते आणि रिकाम्या पोटी उत्तम शोषले जाते. गोळीनंतर किमान अर्धा तास, शक्य तर एक तास, साध्या पाण्यावाचून काही घेऊ नये. चहा, कॉफी, दूध, इसबगोल, सोयाबीनचे पदार्थ यांनी शोषण घटते. कॅल्शियम आणि लोह यांच्याशी तर या द्रव्याचा संयोग होऊन ते आतड्यातच अडकून राहते. म्हणून कॅल्शियम कार्बोनेट व लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनपासून चार तास दूर ठेवाव्यात असा आधुनिक वैद्यकाचा सर्वमान्य दंडक आहे.

आता आपल्या मांडणीवरील बरण्यांकडे पाहावे. शंख, शुक्ती, वराटिका, प्रवाळ, मौक्तिक ही सर्व भस्मे व पिष्ट्या मुख्यत्वे कॅल्शियमच होत. मंडूर, लोह, गैरिक म्हणजे लोहच. कामदुधेत दोन्ही एकत्र येतात. प्रवाळ पंचामृत, शंखवटी, सूतशेखर, नवायस लोह, सप्तामृत लोह, आरोग्यवर्धिनी ही नित्य वापरातील नावे त्याच यादीत बसतात. "आमचे भस्म ते गोळीतील कॅल्शियम नव्हे" असा युक्तिवाद आम्हीही पूर्वी केला आहे. भस्मीकरणाने द्रव्याचे गुण पालटतात हे खरे. पण कॅल्शियमचे कॅल्शियमपण आणि लोहाचे लोहपण जात नाही. वरील शिक्षिकाबाईंचे अहवाल हाती आल्यावर तो युक्तिवाद आम्ही सोडला.

तेव्हा प्रश्न असा की, सकाळचा अभक्त काळ कोणाचा? सुश्रुताचार्यांनी दहा औषधकाळ सांगितले आहेत. त्यापैकी अभक्त एक. या काळी दिलेले औषध अन्नाशी न मिसळल्याने तीव्र वीर्याने कार्य करते, आणि म्हणूनच बाल, वृद्ध, सुकुमार व दुर्बल यांना ते ग्लानी आणते, असेही तेथेच सांगितले आहे. थकव्याने गळलेल्या रुग्णास मंडूर अनशापोटी देणे हे शास्त्रदृष्ट्याही फारसे समर्थनीय नव्हते. मंडूरकल्प तक्राबरोबर, भोजनाच्या अनुषंगाने देण्याचीच परंपरा आहे. अर्थात थायरॉक्सिन घेणाऱ्या रुग्णात अभक्त काळ त्या गोळीस मोकळा करून दिल्याने आपले काही हरवत नाही. आपल्या हाती आणखी नऊ काळ उरतात.

सध्या आम्ही पुढीलप्रमाणे वेळा लावून देतो. पहाटे उठल्यावर सहाच्या सुमारास गोळी, फक्त पाण्याबरोबर. सात वाजता चहा वा न्याहारी. भस्मे, मंडूर, लोहकल्प दुपारच्या जेवणानंतर किंवा सायंकाळी. च्यवनप्राशादी अवलेह चार-पाचच्या सुमारास. रात्री गंधर्व हरितकी वा त्रिफळा द्यावयाची असल्यास निजण्यापूर्वी. सकाळच्या गोळीशी तिची गाठ पडत नाही. ज्यांना पहाटेची वेळ जमत नाही, अशांना त्यांचे डॉक्टर कधी कधी गोळी रात्री घेण्यास सांगतात. तेव्हा शेवटचे अन्न पोटात जाऊन तीन तास उलटलेले असावेत. आपल्याकडील साडेनऊच्या जेवणाच्या प्रथेत ते क्वचितच साधते.

गरम पाणी-लिंबू-मध, भिजविलेल्या मेथीचे पाणी, जिऱ्याचे पाणी, गाईचे तूप! पहाटेच्या प्रहरी पोटात घालावयाच्या वस्तूंची मालिका अलीकडे लांबतच चालली आहे, आणि त्यातील बरेचसे आपल्याच व्यवसायबंधूंनी सुचविलेले असते. हे सर्व गोळीनंतर तासाभराने घ्यावे, म्हणजे वाद मिटतो.

गोळी बंद करण्याचा मोह

येथे एक अप्रिय विषय काढणे भाग आहे. "आमच्या औषधाने थायरॉइडची गोळी सुटते" असे सांगणारे आपल्यात आहेत. थायरॉक्सिनचा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा असतो. गोळी बंद केल्यावर शरीरातील साठा हळूहळू ओसरतो. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे रुग्णास काहीच जाणवत नाही. त्याच सुमारास आपले औषध चालू झालेले असते. रुग्ण म्हणतो, "वैद्यराज, गोळी सोडली तरी छान वाटते," आणि वैद्य प्रसन्न होतो. टीएसएचचे खरे चित्र सहा ते आठ आठवड्यांनी उमटते. तोवर रुग्णाने चार जणांना पत्ता दिलेला असतो.

दुसरा भ्रम सौम्य स्वरूपात होतो. टीएसएच ६ किंवा ७, टी-४ प्रमाणात, लक्षणे नगण्य, अशा व्यक्तींत दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा केली असता अनेकांचा टीएसएच आपोआप प्रमाणात आलेला आढळतो. मध्यंतरी कांचनार गुग्गुळ दिलेला असेल तर श्रेय त्यास जाते. आम्ही कांचनार गुग्गुळाचे विरोधक नाही. ग्रंथी, गंडमाला, गलगंड यांत शार्ङ्गधरोक्त या कल्पाचे स्थान आहे व आम्ही तो वापरतो. परंतु थायरॉइडची अल्पक्रियता म्हणजे गलगंड नव्हे. गलगंड ही दिसणारी सूज आहे. अल्पक्रियतेत पुष्कळदा गळा अगदी सपाट असतो, आणि गळ्यास सूज असलेल्या कित्येकांत ग्रंथीचे कार्य यथायोग्य असते. १९१२ साली जपानी शल्यचिकित्सक हाशिमोटो यांनी वर्णिलेल्या व्याधीत शरीराचीच प्रतिकारव्यवस्था ग्रंथीचा नाश करीत जाते. ग्रंथी शस्त्रक्रियेने काढलेली असो वा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केलेली असो, तेथे उत्तेजन द्यावे असे काही शिल्लकच नसते. अशा रुग्णाची गोळी बंद करविणे हा अपराध होय. यापेक्षा सौम्य शब्द आम्हांस सुचत नाही.

मग आपले कार्य कोणते? धात्वग्निमांद्य, आमसंचिती, कफ व मेदाची वृद्धी, विबंध, त्वग्रौक्ष्य, अंगगौरव, उत्साहहानी हे सर्व गोळीने नेहमीच पूर्ण निवळत नाही. टीएसएच उत्तम असूनही थकवा उरलेले रुग्ण असतात, हे आधुनिक वैद्यकही मान्य करते. तेथे आहार, विहार व दीपन-पाचन यांचे क्षेत्र मोठे आहे, आणि ते आपले आहे.

आहाराविषयी

मीठ हा येथील कळीचा मुद्दा आहे. चरकाचार्यांनी लवणांत सैंधव श्रेष्ठ मानले, आणि त्या आधारे आपण घराघरांत सैंधव सुरू करवितो. परंतु बाजारातील सैंधव सामान्यतः आयोडीनयुक्त नसते. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा जो प्रयोग केला, त्यातून गलगंडाचे प्रमाण लक्षणीय घटले आणि १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आरंभिला गेला. खाणाऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या मिठाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये निदान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असावे, असे प्रमाण ठरलेले आहे. प्रौढास रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भिणीस त्याहून बरेच अधिक. समुद्रकिनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या, मासे न खाणाऱ्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरातून आयोडीनयुक्त मीठ पूर्णपणे हद्दपार करणे म्हणजे गर्भाच्या मेंदूच्या वाढीशी खेळणे आहे. आम्ही आता सैंधव औषधी योगांत आणि उपवासाच्या पदार्थांत ठेवतो. रोजच्या आमटी-भाजीस साधे आयोडीनयुक्त मीठच असावे. ते झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे आणि शक्यतो भाजी उतरविताना घालावे.

याच्या उलट टोकास जाऊन आयोडीनचे चाटण, समुद्रशैवालाच्या कॅप्सुला किंवा आयोडीनचे थेंब देऊ नयेत. हाशिमोटोच्या व्याधीत अतिरिक्त आयोडीन ग्रंथीस आणखी मंद करते.

कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी यांविषयी रुग्णांच्या मनात फार धास्ती असते. "थायरॉइड आहे, कोबी चालेल का?" हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा येतो. शिजविल्याने त्यांतील ग्रंथिरोधक द्रव्यांचा प्रभाव पुष्कळ कमी होतो. आठवड्यातून एक-दोनदा शिजलेली कोबीची भाजी खाल्ल्याने, आयोडीन पुरेसे असताना, काही बिघडत नाही. कच्च्या कोबीचा रस पिण्याची जी टूम निघते ती मात्र टाळावी. बाजरीविषयी थोडे अधिक सावध असावे. सुदानमध्ये बाजरी हेच मुख्य अन्न असलेल्या भागांतील गलगंडाचा अभ्यास झाला असून तिच्यातील काही द्रव्ये ग्रंथीच्या कार्यात अडथळा आणतात असे आढळले आहे. तेथे आयोडीनचीही वानवा होती, हे ध्यानात ठेवावे. आपल्या दुष्काळी पट्ट्यात बारमाही बाजरीच खाणाऱ्या रुग्णास आम्ही ज्वारी आलटून-पालटून घेण्यास सांगतो. संक्रांतीच्या तीळ लावलेल्या भाकरीवर बंदी घालण्याइतके आम्ही कठोर नाही.

सामान्यतः लघु, उष्ण, दीपन असा आहार असावा. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, कुळथाचे पिठले, पडवळ, दोडका, दुधी, शेवग्याच्या शेंगा, सुंठ घातलेले ताक, जेवणात आले-लसूण. दही, उडीद, मैद्याचे पदार्थ, फरसाण व शीतगृहातील थंड पेये वर्ज्य. साबुदाण्याची खिचडी व वडे यांनी गाजणारे उपवास हे लंघन नव्हे, ते संतर्पणच होय. तेथे वरई आणि ताक सुचवावे. हरितालिकेच्या निर्जळ उपवासात स्त्रिया गोळीही चुकवितात. एका दिवसाने अनर्थ होत नाही, परंतु त्याच स्त्रिया आठवड्यात दोन वार धरणाऱ्या असल्या तर हिशेब चुकतो.

थकलेल्या स्त्रियांच्या आहाराचा वृत्तांत नीट घेतला असता एक गोष्ट वारंवार आढळते. सकाळी चहा व खारी, दुपारी उरलेसुरले, रात्री भात. डाळ, उसळ, दूध, अंडे यांपैकी काहीही नाही. अशा रुग्णास अतिस्थूल म्हणून अपतर्पण सांगणे म्हणजे थकवा वाढविणे होय. वजनाविषयीही स्पष्ट बोलावे. अल्पक्रियतेमुळे वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलोच्या घरात असते व त्यातील बरेचसे पाणी-क्षाराचे असते. पंचवीस किलोचा भार एकट्या थायरॉइडच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नसते.

व्यायाम आणि दिवास्वाप

गोळी आणि चहा यांमधील तो एक तास रुग्णास कंटाळवाणा वाटतो. आम्ही तोच चालण्यास देतो. चप्पल घालून घराबाहेर पडले की चहाची आठवण होत नाही. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र अनशापोटी दूर जाऊ नये.

प्रमाण अर्धशक्तीचे. तोंडाने श्वास घ्यावा लागणे, कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे ही अर्ध्या बलाची लक्षणे होत, तेथे थांबावे. ही मर्यादा या रुग्णांत अक्षरशः पाळावी लागते, कारण मात्रा स्थिर होईपर्यंत त्यांचे स्नायू खरोखरच दुर्बल असतात, पोटऱ्यांत वांब येतात व जिना चढताना मांड्या भरून येतात. पहिल्या पंधरवड्यात दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालणे पुरे. पुढे दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवीत तीस-चाळीसपर्यंत न्यावे. सोबत खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे. मांड्यांच्या बळासाठी याहून सोपा व बिनखर्ची उपाय आम्हांस ठाऊक नाही. सूर्यनमस्कार तीनपासून. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आले तर मात्रा अधिक झाली असे समजावे आणि मागे यावे, बंद करू नये. वयस्क व हृद्रोगी रुग्णांत हे सारे त्यांच्या डॉक्टरांच्या संमतीने. सर्वांगासनाने थायरॉइड "जागृत" होतो ही समजूत निराधार आहे. मानेचे दुखणे वा उच्च रक्तदाब असलेल्यांना ते आसन सांगूच नये. उद्वर्तन मात्र जरूर करावे. कुळीथ वा त्रिफळेच्या चूर्णाने आठवड्यातून दोनदा केलेल्या उद्वर्तनाने अंगगौरवात पडणारा फरक रुग्ण स्वतःच सांगतात. त्वचा अतिरूक्ष असल्यास आधी तिळाचे तेल लावावे.

दिवास्वाप कफवर्धक, म्हणून निषिद्ध. परंतु श्रांत, कृश व वृद्ध यांना शास्त्राने मोकळीक दिलेली आहे. दुपारी बसल्या जागी वीस मिनिटे डोळे मिटण्यास आम्ही अनुमती देतो. जेवणानंतर अंथरूण घालून दोन तास निजणे थांबवावे.

आणि तरीही थकवा राहिलाच तर? येथे वैद्याची खरी परीक्षा. थायरॉइडचे नाव एकदा लागले की पुढील प्रत्येक तक्रार त्याच खुंटीस टांगली जाते. अल्पक्रियतेत रजःप्रवृत्ती अधिक होते, तीमुळे पांडुता येते, आणि टीएसएच सुधारल्यावरही ती मागे राहते. हिमोग्लोबिन व फेरिटिन पाहावे. शाकाहारी रुग्णांत बी-१२ पाहावे. रात्री मोठ्याने घोरणे व सकाळी डोके जड असणे यावरून निद्रेतील श्वासावरोधाची शंका घ्यावी. रक्तशर्करा तपासावी. मन उदास आहे काय, हे घरच्यांसमोर नव्हे, एकांतात विचारावे. वजन घटत आहे, रक्तदाब कमी आहे, तळहाताच्या रेषा काळवंडल्या आहेत आणि मीठ खाण्याची ओढ आहे असा थकलेला रुग्ण आल्यास अधिवृक्क ग्रंथीच्या विकाराची शंका घेऊन त्वरित तज्ज्ञाकडे पाठवावे. त्यात थायरॉक्सिनची मात्रा वाढविणे घातक ठरू शकते. अंग थंडगार, गुंगी, अडखळते बोलणे व अतिमंद नाडी असा वृद्ध रुग्ण थंडीच्या दिवसांत आल्यास औषध देत बसू नये, रुग्णालयात न्यावे.

अश्वगंधा हे बल्य म्हणून सहज हाती येणारे द्रव्य. तिच्याने थायरॉइडचे स्राव वाढू शकतात, क्वचित अतिक्रियतेची लक्षणे उद्भवल्याचे वृत्तांतही प्रसिद्ध झाले आहेत. गोळी चालू असताना अश्वगंधा द्यावयाची तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावा आणि ती देत आहोत हे डॉक्टरांना कळवावे.

औषधविक्रेत्यांच्या मांडणीवर

औषधालय चालविणाऱ्या बंधूंसाठी काही गोष्टी. केसगळतीसाठी खपणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांनी, शरीरात काही न बिघडताही, काही पद्धतींच्या रक्तचाचणीत टीएसएच खोटा कमी व टी-४ खोटा अधिक दिसतो. थायरॉइडच्या रुग्णांचे केस गळतातच, त्यामुळे हा योग वारंवार जुळून येतो. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावयास सांगावे. थायरॉक्सिनची बाटली उष्णता, दमट हवा व उजेड यांपासून जपावी. गोळ्या कागदाच्या पुडीत सुट्या बांधून देऊ नयेत. एका कंपनीची गोळी नसली म्हणून न सांगता दुसरीची देऊ नये. बदल झालाच तर रुग्णास सांगावे, म्हणजे तो सहा-आठ आठवड्यांनी तपासणी करवील. तरुण स्त्रीने दिवस राहिल्याचे सांगताच, पुढील महिन्याची वाट न पाहता, तिला तिच्या डॉक्टरांकडे धाडावे. गर्भावस्थेत मात्रा बहुधा लगेच वाढवावी लागते.

त्या शिक्षिकाबाईंच्या डॉक्टरांना आम्ही पत्र लिहिले. कोणते कल्प, किती काळ, कोणत्या वेळी दिले आणि त्यांत कॅल्शियम व लोह किती असावे याचा अदमास, असे सर्व त्यात होते. त्यांनी मात्रा पुन्हा ७५ केली व उलटटपाली एक प्रश्न विचारला, आणखी कोणत्या आयुर्वेदीय औषधांत असे लोह-कॅल्शियम असते? आम्ही यादी करून पाठविली. तीच यादी आता आमच्या औषध देण्याच्या खिडकीपाशी लावलेली आहे. त्यातील कोणतेही औषध बांधताना आमचे सहायक पुडीवर तांबड्या शाईने लिहितात : "थायरॉइडची गोळी सकाळी. हे जेवणानंतर दुपारी."